आमच्या घरातला गॅस्ट्रो: १० जून ते ७ जुलै

२०२५ च्या जूनमध्ये लातूरच्या आमच्या घरात पाच माणसं एकामागून एक झोपली. कोणाला काही कायमचं झालं नाही. पण त्या दिवसांत मी इतक्या चुका केल्या आणि इतक्या खिडक्यांपुढे उभी राहिले की ते लिहून ठेवावंसं वाटलं. तारखा आणि आकडे आठवणीतले नाहीत, वहीतले आहेत. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, उलटी कधी झाली, लघवी कधी झाली ते लिहा म्हणून. शेवटी त्याच वहीत पावत्यांचे नंबरही लिहिले गेले.

रविवारी, ८ जूनला, माझ्या भाच्याचं जावळ होतं, औसा तालुक्यातल्या आमच्या गावात. त्या वर्षी मे महिन्यातच पावसानं झोडपलेलं, त्यामुळे शेताच्या वाटेवर चिखल आणि पत्र्याच्या मांडवाखाली पंगत. येसर आमटी, भात, पुऱ्या, बुंदी आणि बर्फ घातलेला मठ्ठा. पाणी जारचं. संध्याकाळी परत आलो, सोमवार नेहमीसारखा गेला. मंगळवारी पहाटे दोनला धाकटी उठली, "आई" म्हणाली आणि माझ्या अंगावर उलटी झाली.

धाकटी तीन वर्षांची. सकाळी सातपर्यंत पाच उलट्या, मग पाण्यासारखे जुलाब. त्या दिवशी वटपौर्णिमा. मला उपास, बाहेर बायका नटूनथटून वडाकडे चाललेल्या आणि मी एका हातात बादली, दुसऱ्या हातात पोरगी. सासूबाई, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, म्हणाल्या, "जाऊ दे, वड काय पळून जातोय का." त्यांनी मीठमोहरी ओवाळून दृष्ट काढली. त्याला माझी हरकत नव्हती. हरकत होती ती पुढच्या वाक्याला: "आता तिला पाणी बी देऊ नको. पोटाला इसावा दे जरा. सारखं सारखं कशाला पाजायलीस?"

हे आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं, आणि दिसायलाही खरं वाटतं, कारण पाजलं की उलटी होते. मी आठ वाजता कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेले. त्यानं संत्र्याच्या चवीचे दोन टेट्रापॅक, ओआरएसची दोन पाकिटं आणि जुलाब थांबायच्या गोळ्या दिल्या, "अर्धी द्या" म्हणून. एकशे साठ रुपये झाले. घरी येऊन एक पाकीट फोडलं आणि पेलाभर पाण्यात कालवलं. धाकटीनं दोन घोट घेतले, तोंड वाकडं केलं, पुढच्या मिनिटाला सगळं बाहेर. टेट्रापॅक मात्र आवडीनं प्यायली, आणि जुलाब वाढले. गोळी अर्धी करून ताटलीत ठेवली होती, नशिबानं दिली नव्हती.

अकराला बालरोगतज्ज्ञांकडे पोचलो. टोकन चोवीस, बसायला जागा नाही, निम्म्या पोरांना हेच. दीड तास लागला. (तुमच्यावर ही वेळ आली तर रिसेप्शनवर नुसतं "उलट्या होतात" म्हणून बसू नका. पोरगं सुस्त पडलं असेल, डोळे खोल गेले असतील, सहा-आठ तासांत लघवी नसेल किंवा संडासात रक्त असेल, तर ते तिथंच, मोठ्यानं सांगा. नंबर आधी लागतो.) डॉक्टर बाई होत्या, फी चारशे. त्यांनी पहिल्यांदा धाकटीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती किती पटकन जागेवर जाते ते पाहिलं. जीभ पाहिली. रडताना डोळ्यांत पाणी येतंय का विचारलं. मग मला म्हणाल्या, "पाकीट कशात कालवलं?"

मी पेला दाखवला. त्या कपाळाला हात लावून गप्प बसल्या. मग कंपाउंडरला एक लिटरची बाटली आणायला सांगितली, पाकीट माझ्याच हातानं तीत ओतायला लावलं. मोठं पाकीट एक लिटरचंच असतं, पाठीमागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, आणि आपण ते वाचत नाही. कमी पाण्यात केलं तर मीठ जास्त होतं, ते लहान पोराला धोक्याचं. जास्त पाण्यात केलं तर नुसतं पाणी. साखर आणि मीठ ठरावीक मापात असलं की आतडं दोन्ही एकदम ओढून घेतं आणि त्यांच्यामागून पाणी आत जातं, सगळी करामत मापाची आहे. टेट्रापॅकमध्ये साखरच जास्त होती, म्हणून जुलाब वाढले. (पुढे ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे खाण्यापिण्याच्या मालावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, असल्या पेयांच्या नावात ओआरएस लिहायला बंदी घातल्याची बातमी आली तेव्हा मी ती नवऱ्याला दोनदा वाचून दाखवली.) पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. सपाट म्हणजे सपाटच.

गोळ्या त्यांनी कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. लहान मुलांना जुलाब बांधायच्या गोळ्या द्यायच्या नसतात. अँटिबायोटिकही लिहून दिलं नाही. मीच विचारलं, तर म्हणाल्या की हे व्हायरसचं दिसतंय, त्याला अँटिबायोटिकचा उपयोग नाही, उलट पोट आणखी बिघडेल. लसीचं कार्ड मागितलं. रोटाचे थेंब सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना दिलेले होते. "चांगलं केलं. पण ते रोटाव्हायरसपुरतं. नोरोव्हायरस म्हणून दुसरा असतो, तोही हेच करतो, त्याला आपल्याकडे लस नाही." उलटीचं औषध एकदाच, झिंकची २० मिलिग्रॅमची अर्धी-अर्धी नाही, पूर्ण गोळी, रोज एक, चौदा दिवस. जुलाब थांबले तरी चौदा.

आणि सलाईन? नवऱ्यानं विचारलंच. बाहेर बसलेल्या निम्म्या आयाबापांना तेच हवं होतं. सलाईन लावलं की काहीतरी केल्यासारखं वाटतं. डॉक्टर म्हणाल्या, "ही पिते आहे. दोन तास इथंच बसा, चमच्यानं पाजा. राहिलं नाही तर लावू."

ते दोन तास माझ्या चांगले लक्षात आहेत. दवाखान्याच्या पॅसेजमधला बाक, समोर भिंतीवरचं घड्याळ, त्याचा सेकंदकाटा प्रत्येक घराला जरा थांबून पुढं जाणारा. दर दोन मिनिटांनी एक चमचा. पाच मिलिलिटरचा चमचा, म्हणजे तासाला दीडशे मिली, पेलाभर होतं की! पण पेला एकदम दिला की उलटी, आणि चमच्यानं दिलं की पोटाला कळतसुद्धा नाही. धाकटी ओठ घट्ट मिटायची, मी चमचा गालाच्या आतल्या बाजूनं सरकवायची. एकदा उलटी झाली. दहा मिनिटं थांबलो, पुन्हा सुरू. तीसेक चमच्यांनंतर तिनं स्वतःच तोंड उघडलं आणि चमचा चावून धरला. दोन वाजून दहा मिनिटांनी लघवी झाली. वहीत त्या वेळेभोवती मी गोल काढलेला आहे.

घरी आलो. आता माझी खरी चूक.

दिवसभर मी धाकटीची ओकारी ओढणीनं पुसत होते, चादरी बादलीत भिजवत होते, आणि प्रत्येक वेळी टेबलावरच्या बाटलीतलं सॅनिटायझर हाताला चोळत होते. कोरोनात लागलेली सवय. संध्याकाळी तेच हात घेऊन कणीक मळली, आत्यांसाठी आणि मुलासाठी पोळ्या केल्या. उपास सोडला. बुधवारी रात्री मला मळमळायला लागलं, गुरुवारी सकाळी नवरा, दुपारी नऊ वर्षांचा थोरला, रात्री आत्या. म्हणजे पंगतीत बाधा झाली असेल तर ती धाकटीला. आम्हा चौघांना ती बहुधा मी वाढली, गरम पोळीबरोबर.

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी सांगितलं ते असं. नोरोव्हायरस सॅनिटायझरला फारसा जुमानत नाही. साबण आणि वाहतं पाणी, किमान वीस सेकंद, नखांच्या खालून. वाहतं पाणी म्हटल्यावर लातूरकराला हसूच येतं. पण तांब्यानं कोणीतरी वरून ओतलं तरी वाहतंच म्हणायचं, बादलीत हात बुडवायचे नाहीत एवढंच. ओकारी पडलेली जागा आधी कागदानं उचलायची, मग लिटरभर पाण्यात चहाचा एक चमचा ब्लीचिंग पावडर कालवून त्यानं पुसायची आणि दहा मिनिटं तशीच ठेवायची. ज्याला झालंय त्यानं बरं वाटल्यानंतरही दोन दिवस स्वयंपाकघरात शिरायचं नाही. हा शेवटचा नियम मला सगळ्यात आवडला. शेजारच्या काकू दोन दिवस मऊ भात आणि वरणाचं पाणी दारात ठेवून जायच्या, आम्ही ताकात ज्वारीच्या कण्या कालवून खाल्ल्या. पोट बंद ठेवायचं नसतं, भूक लागली की खायचं, फक्त तेलकट नको.

माझं, नवऱ्याचं आणि थोरल्याचं दोन दिवसांत आटोपलं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, एकच संडास असलेल्या घरात तीन माणसं, एवढ्यावरून समजून घ्या.

आत्यांचं मात्र तसं झालं नाही. वय अडुसष्ट, शुगर आणि बीपी. किती वेळा जाऊन आल्या ते त्यांनी सांगितलंच नाही. सुनेला काय सांगायचं असलं, ही लाज. शुक्रवारी १३ तारखेला दुपारी त्या न्हाणीत भिंतीला धरून बसलेल्या सापडल्या, जीभ लाकडासारखी. "सकाळपासून लघवी झाली का?" तर म्हणाल्या, "आठवत नाही बघ." संध्याकाळी सहाला एका खाजगी दवाखान्यात दाखल केलं. डिपॉझिट पाच हजार. रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं होतं, म्हणजे मूत्रपिंडावर ताण आला होता. इथं सलाईनला पर्याय नव्हता, आणि ते लावलेलं पाहून मला हायसं वाटलं हे कबूल करते. डॉक्टरांनी पहिलं विचारलं ते गोळ्यांचं. आत्यांनी जुलाब होत असतानाही सकाळच्या सगळ्या गोळ्या नेमानं घेतल्या होत्या, त्यात बीपीची लघवी वाढवणारी गोळीही होती आणि शुगरची मेटफॉर्मिन पण. अंगातलं पाणी गेलेलं असताना पहिली गोळी मूत्रपिंडाला भारी पडते, आणि मूत्रपिंड मंदावलं की मेटफॉर्मिन अंगात साठते. त्यांनी दोन दिवस त्या थांबवल्या. स्वतःच्या मनानं कोणी थांबवू नका, पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाला जुलाब लागले की पहिल्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून गोळ्यांचं विचारा. आम्ही विचारलं नाही.

शनिवारी दुपारी आत्यांना तरतरी आली, चहा मागितला. चार वाजता सुट्टी. बिल नऊ हजार आठशे साठ. नवऱ्याच्या कंपनीचा आईवडिलांसकट विमा आहे, त्यामुळे आम्ही निवांत होतो. दवाखाना त्यांच्या यादीत नव्हता, म्हणून पैसे भरून मग क्लेम. डिस्चार्ज कार्ड, मूळ बिल, भरल्याची पावती, मेडिकलची प्रत्येक पावती आणि तिच्याबरोबर ती चिठ्ठी, तपासण्यांचे रिपोर्ट, रद्द केलेला चेक, आत्यांचं आधार. एका पावतीवर आत्यांच्या नावात काना राहिला होता, तो दुरुस्त करून घ्यायला एक फेरी. २० जूनला सगळं पाठवलं. १२ जुलैला उत्तर आलं, नामंजूर: दाखल असण्याचा काळ चोवीस तासांपेक्षा कमी. सहा ते चार, बावीस तास! पॉलिसीत ते लिहिलेलं होतं, आम्ही वाचलं नव्हतं. म्हणून मी काही म्हणणार नाही की माणसाला दोन तास उगाच झोपवून ठेवा. पण डॉक्टर स्वतःच "आज रात्र राहिल्या तरी चालेल" म्हणत होते आणि आम्हाला घाई झाली होती. आधी सरकारी दवाखान्याचा विचारही मनात आला नाही. आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरपासून सगळं मोफत आहे, हे मला गावातल्या आशाताईनं नंतर फोनवर सांगितलं.

शाळा १६ जूनला उघडली. थोरल्याची शेवटची उलटी १४ च्या संध्याकाळची, त्यामुळे त्याला पहिल्या दिवशी पाठवलं नाही. नवीन दप्तर घालून तो घरातच फिरत होता. १७ ला पाठवला.

त्याच दिवशी मी पाण्याच्या मागे लागले. कारण भावाला फोन केला तर कळलं, मांडवात जेवलेल्यांपैकी दोन-तीन पोरांनाच त्रास झाला होता. आशाताईनं लगेच घरोघरी मेडिक्लोरच्या, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या क्लोरीनच्या थेंबांच्या, बाटल्या वाटल्या होत्या, ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकानं टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडरच ती) टाकून क्लोरीनची ओटी टेस्ट घेतली होती, पाणी पिवळं आलं, म्हणजे क्लोरीन होतं. गावाकडं हे सगळं झालं. आणि आमचं घर?

आमच्या भागात नळाला आठवड्यानं पाणी येतं. हौद, त्यावर दोन पिंपं, माळ्यावर टाकी. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं होतं, १२ तारखेला पहिली गाडी, पाच लाख लिटर. तेव्हापासून आत्या थेंब टाकू देत नाहीत. हौद पूर्ण रिकामा करून धुवायचा म्हणजे त्यांच्या जिवावर येतं. किती दिवसांत धुतला नव्हता, ते मी इथं लिहीत नाही.

जिल्ह्याच्या आरोग्य प्रयोगशाळेत पाण्याचा नमुना तपासून मिळतो. मी घरून बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरून नेलं, खिडकीतल्या भाऊंनी ते बघितलंही नाही. "असं चालत नाही ताई. आमचीच बाटली लागते." अनुजैविक तपासणीसाठी निर्जंतुक बाटली देतात, तिच्या तळाशी औषध असतं, म्हणून ती विसळायची नाही. अर्ज लिहायचा, पावती फाडायची, सकाळीच आणायचं आणि आठवड्याच्या सुरुवातीला, कारण तपासणीला दोन-तीन दिवस लागतात आणि मध्ये सुट्टी येऊ नये. दोन बाटल्या घेतल्या. १८ ला सकाळी शेजारच्या गल्लीत पाणी आलेलं, तिथल्या नळाचं तोंड स्पिरिटच्या बोळ्यानं जाळून, तीन मिनिटं पाणी सोडून एक भरली. दुसरी हौदाची. दोन्ही बर्फाच्या डब्यात घालून, स्कूटीवर दोन पायांच्या मध्ये ठेवून साडेदहाला पोचवल्या.

२० ला आमच्याकडं पाणी आलं आणि रिपोर्ट यायच्या आधी हौद भरून टाकला, सवयीनं. २३ ला रिपोर्ट. नळ: पिण्यास योग्य. हौद: पिण्यास अयोग्य. म्हणजे महानगरपालिकेला शिव्या द्यायची माझी सगळी तयारी वाया गेली. ते पाणी आमच्या हौदात येऊन बिघडत होतं. झाकणाला फट, आणि आत ओगराळं दोरीशिवाय सोडलेलं, त्याची मूठ पाण्यात बुडालेली. ज्या हातांनी मी त्या आठवड्यात काय काय धुतलं, त्याच हातांनी ते ओगराळं उचललं जात होतं.

पुढच्या पाळीपर्यंत पिण्याचं पाणी उकळलं, उकळी फुटल्यावर मिनिटभर. गॅसचा हिशेब केला नाही. २७ ला पाणी यायच्या आदल्या दिवशी हौद उपसला, आत उतरून नवऱ्यानं काथ्यानं घासला, तळाला बोटभर गाळ निघाला. आत्या वरून उपसलेलं पाणी बादल्यांनी झाडांना, झाडं झाल्यावर स्कूटीला, मग अंगणाला घालत होत्या. भरल्यावर हजार लिटरला पाच ग्रॅम या हिशेबानं टीसीएल: आधी बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळीच ओतायची, तासभर थांबायचं. पिशवी उघडी राहिली की तिचा दम जातो, म्हणून छोटी पिशवी आणा, वास उग्र येतोय का बघा.

धाकटीची चौदावी झिंकची गोळी २३ लाच संपली होती. तिनं ती माझ्या तळहातावर थुंकली आणि परत मागून घेतली.

२ जुलैला पुन्हा हौदाचा नमुना दिला, ७ ला रिपोर्ट मिळाला: पिण्यास योग्य. आत्यांना अक्षर लागत नाही, त्यांनी तो कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला, घडी घातली, आणि रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला. विम्याचं पत्र आलं तेव्हा त्याला त्या पिशवीत जागा मिळाली नाही. ओगराळं आता खिळ्याला टांगलेलं असतं.